खायचं दावं

मी चीजच्या दोऱ्या ओढते असं सांगितलं की समोरचा माणूस आधी 'काय?' म्हणतो आणि मग 'काहून?' म्हणतो.

'काय'चं उत्तर सोपं आहे. स्ट्रिंग चीज म्हणजे बोटाएवढी लांब आणि बोटाएवढीच जाड पांढरी कांडी. चव सौम्य, किंचित खारट. ती चावून खायची नसते, सोलून खायची असते. केळीच्या सोपटाचे जसे उभे धागे निघतात तसे तिचे धागे सुटतात आणि एकेक धागा तोंडात टाकायचा. मोठ्या शहरांत कंपन्या ती रंगीत कागदात गुंडाळून विकतात आणि मुलं ती डब्यात नेतात. आमच्या हिंगोली जिल्ह्यात ती जवळा बाजारच्या रस्त्याला एका पत्र्याच्या शेडमध्ये होते. करणाऱ्या आम्ही सात बायका.

'काहून'चं उत्तर असं. मी आधी दूध शीतकरण केंद्रावर दूध तपासायचे. केंद्र बंद पडलं तेव्हा मला दुधाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. बचत गटातल्या बायका गोळा करून पनीर सुरू केलं, पण पनीर गल्लोगल्ली होत होतं. मग एका प्रशिक्षणात सरांनी दहा-बारा पदार्थ दाखवले, त्यात हे होतं. बाकीचे लोक वहीत तापमानं लिहून घेत होते. मी सरांचे हात बघत होते. ते कढत गोळा ओढत होते, दुमडत होते, पुन्हा ओढत होते, आणि फार वाईट ओढत होते. आमच्याकडे उन्हाळ्यात हातावर शेवया करणारी कुठलीही बाई त्यांच्यापेक्षा बरं ओढेल, असं मला वाटलं. एवढ्यावर मी धंदा ठरवला. लोक याहून कमी विचारानं ट्रॅक्टर घेतात.

करायची रीत थोडक्यात सांगते. दूध तापवून कोमट करायचं आणि त्यात मोजून विरजण घालायचं. मग रेनेटचे थेंब. रेनेटनं दूध नासत नाही, थिजतं. खरवसासारखं थरथरायला लागतं. सुरीनं त्याच्या वड्या पाडायच्या, हलक्या हातानं ढवळायचं, हिरवट निवळी काढून टाकायची. खाली जो गोळा राहतो तो घेऊन वाट बघत बसायचं. गोळ्यात आंबटपणा हळूहळू वाढतो आणि एका ठरावीक आंबटपणाला तो ताणायला लागतो. त्याआधी ओढला तर फाटतो. उशीर झाला तर पिठल्यासारखा हातातून गळतो. मधे जेमतेम अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासात काप कढत पाण्यात टाकायचे आणि ओढत सुटायचं, तेही एकाच दिशेनं. दिशा चुकली की धागे मोडतात. मग तयार होतं ते नुसतं चीज. आणि नुसतं चीज करायला आमची गरज नाही.

ओढण्यात आमची मथुरा पहिली. चाळिशीची, अंगानं काटक. सुती हातमोज्यावर रबरी हातमोजा चढवते आणि ज्या पाण्यात मी चमचा घालायला बिचकते त्यात दोन्ही हात घालते. गोळा तयार झाला का हे मी आंबटपणा मोजायचा मीटर लावून बघते. ती सुपारीएवढा तुकडा गरम पाण्यात बुडवून दोन बोटांत ताणते. ताणला नाही तर म्हणते, "रुसलंय अजून." माझा मीटर आणि तिची बोटं यांचं बहुतेक वेळा पटतं. पटत नाही तेव्हा मी मीटर धुते.

पहिल्यांदा माल घेऊन आम्ही जवळा बाजारच्या आठवडी बाजारात बसलो. पाकिटावर 'क्षीरधागा' असं नाव छापलं होतं. सातजणींनी आठवडाभर भांडून काढलेलं नाव. पहिल्या गिऱ्हाइकानं पाकीट उलटसुलट करून विचारलं, "मेणबत्ती हाय का?" खायची वस्तू आहे म्हटल्यावर त्यानं कांडीचा अर्धा भाग एका घासात तोडला, बराच वेळ चावला आणि शांतपणे म्हणाला, "रबर हाय ताई." दुसऱ्यानं विचारलं, "ह्यानं ताकद येते का?" मथुरा म्हणाली, "खाऊन बघा, उद्या सांगा." तो घेऊनही गेला. उद्या काही आला नाही.

दुपारी एक म्हातारी नातीला घेऊन आली. मी कांडी सोलून दाखवली. नात एकेक धागा खायला लागली तशी म्हातारी वाकून बघत म्हणाली, "अगं बया, हे तर दावं हाय. पीळ सुटून राहिला बघ." दावं म्हणजे जनावर खुंट्याला बांधायची दोरी. शेजारी कांदे विकणारा हसला, त्याच्या शेजारचा हसला, आणि नात म्हणाली, "आजी, अजून एक दावं." तेव्हापासून हिंगोलीपासून वसमतपर्यंत आमच्या मालाचं नाव दावं. 'क्षीरधागा' आजही पाकिटावर आहे आणि आजही त्याचा उच्चार कुणी करत नाही. कार्यक्रमांत निवेदक मात्र माझी ओळख करून देताना 'कष्टाचं चीज' हा विनोद करतात. तेवढ्या वेळात मी माझं भाषण मनात उजळून घेते.

नवी वस्तू विकायची म्हणजे ती कशी खायची हेही विकावं लागतं. हे मला कुरुंद्याच्या एका बाईंनी शिकवलं. ऐन जेवणाच्या वेळी त्यांचा फोन आला.

"ते दावं इकनाऱ्या ताई तुमीच का? आमच्याकडं इवाई जेवाय बसलेत आन् दावं चमच्याला सोडंना."

"रश्श्यात घातलं का?"

"मंग कशात घालू? पनीरच हाय ना ते."

"ते नुसतं खायचं असतं हो."

"हे आधी सांगावं मानसानं. इवायाच्या ताटापासून मिशीपर्यंत तार लागलीय. ते बिचारे हलून नाही राहिले. काय करू, कापू का?"

"कात्री घ्या," मी म्हणाले.

पाकिटावर 'रश्श्यात घालू नये' अशी ओळ वाढवली. त्या बाई अजून माल नेतात आणि रश्श्यातच घालतात. व्याह्यांना आवडलं म्हणे.

एक गिऱ्हाईक मात्र मी स्वतः परत पाठवलं. निवृत्त गुरुजी होते, एकादशीच्या सकाळी आले. "उपवासाला चालतं का?" मी म्हणाले, दूध आहे, विरजण आहे, सैंधव घालून देते. "आणि घट्ट कशानं करता?" रेनेटनं. "ते कशाचं?" वासराच्या पोटातलं नाही, शाकाहारी आहे, एका बुरशीपासून करतात. "बुरशी," गुरुजी म्हणाले आणि शबरीनं बोरं चाखावीत तसे विचारपूर्वक थांबले. "उपवासाला बुरशी." मी म्हटलं, गुरुजी, आज राजगिऱ्याचा लाडू खा. बाकीच्या सहाजणी माझ्यावर दिवसभर चिडल्या होत्या. दूध म्हणून गप्प बसायला काय झालं होतं, असं त्यांचं म्हणणं. द्वादशीला गुरुजी आले आणि चार पाकिटं घेऊन गेले. तरी बायकांचा राग गेला नाही.

पण बाजारात हसत-खेळत विकणं वेगळं आणि शेड चालवणं वेगळं. पुढच्या दिवाळीच्या आधी आमची बैठक बसली. दाव्याला नाव मिळालं होतं, गिऱ्हाईक पुरेसं मिळत नव्हतं. नांदेडच्या एका मोठ्या दुकानाच्या शेठनी माल चाखून मान डोलावली होती. शनिवारी सकाळी दुकान उघडायच्या आत माल आला तर दिवाळीसाठी त्यांच्या फ्रीजमध्ये एक पूर्ण कप्पा देणार होते. नाही आला तर कप्पा एका मोठ्या चीज कंपनीला. बैठकीत ठरलं की नांदेड जमलं तर दावं चालू ठेवायचं, नाहीतर बंद करून नुसतं पनीर. पनीरला तीन बायका पुरतात. म्हणजे चौघी घरी, आणि त्यात पहिली मथुरा. कारण पनीरमध्ये ओढायला काही नसतं. मथुरा बैठकीत एकच वाक्य बोलली. "सोयाबीन काढाय मला बी येतं." दहा वर्षं ती दुसऱ्याच्या रानात तेच करत होती.

एका वेळच्या दुधाला आम्ही घाणा म्हणतो. आमचा रोजचा घाणा चार कॅनचा. नांदेडचा माल दोन घाण्यांचा होता. एक गुरुवारी, एक शुक्रवारी, शनिवारी पहाटेच्या गाडीनं नांदेड. सगळं जुळवलं होतं. फक्त शुक्रवारी कोजागरी होती आणि त्या दिवशी जिल्ह्यात दुधाचा थेंब मोकळा नसतो, हे मी लक्षातही घेतलं नव्हतं. घ्यायची गरज वाटली नव्हती.

गुरुवारी दुपारी एकला गोळा तयार व्हायला हवा होता. मथुरानं तुकडा ताणला. "रुसलंय." दोनला पुन्हा. "रुसलंयच." मीटरचा आकडा जागचा हलत नव्हता. मी मीटर धुतला, पुसला, पुन्हा लावला. चार वाजता मथुरानं तुकडा माझ्या हातावर ठेवला. ओल्या खडूसारखा तो मोडत होता. ती म्हणाली, "हे रुसलं न्हाई ताई. हे मेलंय."

विरजण म्हणजे जिवंत जंतू. ते दुधाला आंबट करतात. ते मेले तर दूध आंबट होत नाही आणि आंबट झालं नाही तर ताणत नाही. जंतू मारायची हमखास वस्तू म्हणजे जनावराला दिलेलं अँटिबायोटिक. ते दोन-चार दिवस दुधात उतरत राहतं. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना मी बाटलीत ठेवते. तपासायच्या पट्ट्या घेऊन बसले. पट्ट्या मोजक्याच असायच्या, म्हणून मी त्या नव्या लोकांच्या दुधाला वापरायचे. त्या दिवशी नव्यांच्या सगळ्या बाटल्या नीट निघाल्या. मग जुन्या लोकांकडे वळले आणि दत्तराव मामांच्या बाटलीत पट्टी बोलली. दत्तराव मामा आमचे सगळ्यांत जुने, सगळ्यांत चांगलं दूध घालणारे. त्यांच्या दुधाला मी कधी पट्टी लावलीच नव्हती.

मी फोन केला. "मामा, म्हशीला इंजेक्शन दिलं का?"

"दिलं ना. दगडी झाल्ती. कास कशी टनक झाल्ती, हात लावू देईना."

"मग दूध काहून घातलं?"

"म्हैस बरी झाली की."

"इंजेक्शननंतर पाच दिवस दूध घालायचं नाही, ठरलं होतं ना आपलं?"

"आगं, आमी बी तेच दूध पिऊन राहिलो. मला काय झालं? उलट माझी दाढ ठनकायची थांबली."

दाढ थांबणारच होती. मी फोन ठेवला. मामा खोटं बोलले नव्हते, त्यांना मी विचारलंच नव्हतं. कॅन घेताना रोज एकदा 'जनावर बरं आहे ना' एवढं विचारायचं असतं. मी 'मामी बऱ्या आहेत ना' विचारायचे. पूर्ण घाणा खड्ड्यात ओतला.

आता शुक्रवारी एका दिवसात दोन घाणे काढायचे, म्हणजे चारच्या जागी आठ कॅन दूध हवं. मी ओळखीच्या सगळ्या डेअऱ्यांना फोन लावले. सगळ्यांचं एकच उत्तर : "ताई, उद्या कोजागरी." एकानं मोठ्या मनानं सांगितलं, देतो, पण थोडी पावडर मिसळलेली असेल. नको म्हटलं. एका दिवसात एवढं शिकणं पुरे होतं.

तेव्हा मथुरा म्हणाली, "माझ्या माहेरी दूध हाय."

बाकीच्या तिच्याकडे बघत राहिल्या, कारण तिचं माहेर सगळ्यांना माहीत होतं. आमच्या जिल्ह्यात एक गवळ्यांचं गाव आहे, तिथे दूध विकत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या नाही. दूध नाही, दही नाही, तूपही नाही. ज्याला लागेल त्यानं भांडं घेऊन जायचं, भरून मिळतं. ज्यानं कुणी विकलं त्याची जनावरं आटली, असं तिथे सांगतात. खरंखोटं मी तपासलेलं नाही. म्हशी मात्र त्या गावासारख्या कुठे नाहीत. गावाचं नाव मी लिहीत नाही. नाहीतर या अंकाचे वाचक कोजागरीला कॅन घेऊन तिथे उभे राहतील.

"विकत नाहीत ना ते?" मी म्हणाले.

"इकत न्हाईत. देतेत."

"आणि आपण विकायचं?"

"तीच तर तकलीफ हाय," मथुरा म्हणाली आणि टेम्पोत जाऊन बसली.

धारेच्या वेळेला पोचलो. मथुराची चुलती, जिला सगळं गाव काकी म्हणतं, गोठ्याच्या तोंडाशी बसली होती. सत्तरीची बाई, दारात बारा जनावरं. मथुराला बघून तिनं विचारलं, "किती दिवसांनी आलीस. दूध पायजे का?"

"लई पायजे काकी. चार कॅन."

"काहून, लगीन हाय का कुनाचं?"

मथुरानं माझ्याकडे पाहिलं. 'व्हय' एवढंच म्हणायचं होतं. चार कॅन भरून मिळाले असते आणि तपासायला कुणी आलं नसतं. मी गुरुजींना बुरशी सांगून बसलेली बाई, मला ते साधलं नाही.

"लग्न नाही काकी. त्याचं चीज करून नांदेडला विकायचंय."

"मंग न्हाई," काकी म्हणाली. आवाजात राग नव्हता. पाऊस आहे का विचारल्यावर नाही म्हणावं तसं. "बसा. च्या घ्या."

चहा आला. नुसत्या दुधाचा. मथुरानं कप खाली ठेवला.

"काकी, दूध कुठं इकतोय आमी? चीज इकतोय."

"ते कशाचं करतीस? पान्याचं?"

"दुधाचंच, पर..."

"तूप बी दुधाचंच असतं. आमी तूप इकलं का कधी?"

"चार बायांचं काम जाईल. माव्हं बी जाईल."

"तर इथं ये. दोन म्हशी बांधते तुझ्या नावानं. खा, पी. इकायचं तेवढं न्हाई."

ती मनापासून म्हणत होती. आपल्याला जमत नाही तिथे माल उचलून निघावं हा माझा नियम आहे. फक्त उचलायला त्या वेळी माल नव्हता. तेवढ्यात शाळेतल्या मास्तरांची बायको चरवी घेऊन आली. काकीनं ती काठोकाठ भरून दिली आणि म्हणाली, "उद्या कोजागरी, अजून एक घेऊन जा. लेकरं हाईत घरात." बाई दुसरी चरवी आणायला गेली.

मी त्या चरवीकडे बघत होते आणि मला आमची घरं दिसली. आम्हाला दूध घालणारी चाळीस-पंचेचाळीस घरं. प्रत्येक घर आम्हाला घालून वर दोन-तीन लिटर घरात मागे ठेवतं. लेकरांना, चहाला, आणि उद्या कोजागरीला.

"काकी, प्यायला दूध किती देता?"

"प्यायला कितीबी न्या."

"आमच्याकडच्या घरांतल्या लेकरांनी प्यायलं तर?"

"तर न्या की."

"आणि त्या घरांनी त्यांचं स्वतःचं, लेकरांसाठी ठेवलेलं दूध मला घातलं तर?"

काकीनं डाव्या हाताच्या बोटांवर काहीतरी मांडलं, पुन्हा मांडलं.

"म्हंजी आमचं दूध लेकरायच्या तोंडात."

"होय."

"आन् तुमचं दूध तुमच्या भट्टीत."

"होय."

"आमच्यातला एक थेंब भट्टीत जानार न्हाई."

"नाही."

"कोन बघनार?"

"मी बघेन."

"तुमी धंदा बघा," काकी म्हणाली. "हे मथुरा बघंल."

मग तिनं हाक मारली आणि घराघरातून बादल्या, कळश्या, चरव्या आल्या. विचारलं कुणी काहीच नाही. चार कॅन भरले. काकीनं जुन्या हिरव्या लुगड्याचा काठ फाडून चार चिंध्या केल्या आणि एकेका कॅनच्या गळ्याला बांधल्या. गाठ मथुराकडून मारून घेतली.

शुक्रवारी दिवस उजाडताच अदलाबदल सुरू झाली. टेम्पो चालवायला दत्तराव मामा आपण होऊन आले. "दाढ कशी आहे?" असं मी विचारल्यावर म्हणाले, "ते सोड. चूक झाली ती झाली. कुठून सुरू करायचं सांग." प्रत्येक दारात मी आधी 'जनावर बरं आहे का, इंजेक्शन दिलंय का' विचारत होते, घरातलं दूध तपासत होते, आमच्या कॅनमध्ये ओतत होते, मथुरा चिंधीच्या कॅनमधून तेवढंच मापून त्यांच्या भांड्यात घालत होती. समजावून सांगायला वेळ गेला.

"दूध घेता आन् दूधच देता? तुमचं बरं चाललंय ना ताई?" एका घरी विचारलं.

"हे प्यायचं हाय, ते इकायचं," मथुरा म्हणाली.

"दोन्ही पांढरंच की."

"तुमी प्या ना बाई. काहून डोकं खाऊन राहिल्या?"

काही घरी बासुंदी आधीच चुलीवर चढली होती, दोन घरांचं दूध मी नापास केलं. शेडवर आलो तेव्हा मामांचं दूध सोडूनही नेहमीचे चार आणि बदललेले तीन, असे सात कॅन झाले होते. आठवा होता, पण त्याच्या गळ्याला हिरवी चिंधी होती.

सात कॅनमध्ये नांदेडचा माल पुरा होत नव्हता. कमी माल गेला तर शेठ ठेवतील की परत पाठवतील, मला ठाऊक नव्हतं. सगळ्याजणी त्या आठव्या कॅनभोवती उभ्या राहिल्या. ज्या चौघींचं काम जाणार होतं त्यांतली एक हळूच म्हणाली, "एवढा एक घातला तर कुनाला कळतंय." मीही तोच हिशेब करत होते, हे लपवण्यात अर्थ नाही. कॅन माझ्यापासून दोन पावलांवर होता आणि घाण्याचं पातेलं तीन पावलांवर.

मथुरानं कॅन उचलला, शेडच्या दुसऱ्या टोकाला नेला आणि शेगडी पेटवली. "हे पिऊ," म्हणाली. "आपुन बी तर लेकरंच हाव कुनाची."

दिवसभर दोन घाणे ओढले. त्या दिवशी मीटर आणि बोटं दोन्ही वेळा एकाच मिनिटाला बोलली. मथुराचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते आणि तिची दोरी खांबापासून दारापर्यंत न तुटता येत होती. चार वाजता काम संपलं आणि वेलची घालून आटवलेलं दूध आम्ही पेल्यांनी प्यालो. मामांनाही दिलं. रोज शेकडो लिटर दूध हाताखालून जातं, पण शेडमध्ये बसून दूध पिणं आम्हाला कधी सुचलं नव्हतं. उरलेलं प्रत्येकीनं घरी नेलं.

शनिवारी नांदेडला मी मथुराला बरोबर घेतलं. शेठनी खोकी मोजली आणि माझ्याकडे बघितलं.

"एक कमी आहे."

मी दुधाची गोष्ट सांगितली. म्हशीची, पट्टीची, चिंधीची. शेठनी ऐकून घेतली. लोक उशिराची कारणं ज्या चेहऱ्यानं ऐकतात तो चेहरा होता.

"ताई, धंद्यात चाळीस वर्षं गेली माझी. दूध फुकट देणारं गाव असतं का कुठं?"

"असतं," मथुरा म्हणाली. "भांडं घेऊन या."

शेठ तिच्या हातांकडे बघत होते. पोळलेले लाल हात तिनं पदरात घेतले. मग त्यांनी नोकराला हाक मारली, कंपनीची पाकिटं एक कप्पा खाली सरकवली आणि आमची लावायला सांगितली. कप्प्याच्या उजव्या टोकाला एका खोक्याएवढी जागा रिकामी राहिली. नोकर तिथे दुसरं काही ठेवायला गेला तर म्हणाले, "राहू दे. यांची आहे." आणि मला म्हणाले, "सोमवारपर्यंत भरा."

आम्ही रविवारी भरली.